कवड्याची घंटी

बैलाचा फाटा,
मंडल तलमडुगु, जि. आदिलाबाद
ता. ३ ऑगस्ट २०२५, रविवार

चि. वैभव यास ताईचे अनेक आशीर्वाद.

इकडे मी बरी आहे. तिकडे तू, शीतल आणि ईशान खुशाल असाल. ईशानचा खोकला थांबला का? त्या कोळशाच्या गावात पोरांच्या छातीत धूळ जाणारच, रोज गरम पाणी पाजत जा.

राखी पाठवते आहे. दरवर्षी पाकिटात राखी आणि चार ओळी असतात. या वेळी सोबत पुडकं पाहून तू म्हणशील, ताईनं लाडू केले. लाडू नाहीत. पुडकं आधी उघडू नकोस. तू गोष्टीचं पुस्तकसुद्धा शेवटच्या पानापासून वाचणारा, म्हणून सुतळीला सात गाठी मारल्या आहेत.

बुधवारी आपला बैल काढला. फोनवर तुला एवढंच सांगितलं, कारण दुकानात गिऱ्हाईक होतं. आता सविस्तर लिहिते. ईशानला आजोबांच्या बैलाबद्दल नीट माहीत नसेल, तेव्हा हा भाग त्याला वाचून दाखव. पुढचा दाखवू नकोस.

त्याला सांग, आजोबा सुतार होते आणि दहा गावच्या बंड्या, म्हणजे बैलगाड्या, त्यांच्या हातच्या असायच्या. ट्रॅक्टर आले तशा बंड्या थांबल्या. शेवटची चार चाकं करून ठेवली होती, ती न्यायला माणूस आलाच नाही. वर्षभर चाकं अंगणात पडून राहिली. मग एक दिवस आजोबांनी त्या चाकांवर सागाचा बैल उभा केला. तान्ह्या पोळ्याला पोरं ओढतात ना चाकाचा लाकडी बैल, तसाच, पण दोन माणसं एकमेकांच्या खांद्यावर उभी राहिली तरी शिंगाला हात लागू नये एवढा. डोळे काढायला निर्मलचा चितारी आणला होता. त्यानं दोन दिवस डोळे रंगवले आणि दोन दिवसांत आपल्या घरच्या अकरा भाकऱ्या खाल्ल्या, हे मला पक्कं आठवतं, कारण भाजणारी मीच होते.

बैल रस्त्याच्या कडेला ओट्यावर उभा केला आणि गाड्या थांबायला लागल्या. हैदराबादचे, नागपूरचे, कुठले कुठले लोक उतरून फोटो काढायचे. मग आपलं चहाचं दुकान झालं, पंक्चरवाला आला, बिर्याणीवाला आला, बांगड्यांची गाडी आली. बघता बघता फाट्याचं गाव झालं. बसचे कंडक्टर तेलुगूत 'एद्दु स्टेज, एद्दु स्टेज' ओरडायला लागले, म्हणजे बैलाचा थांबा. आपल्या गावाचं कागदावरचं नाव आता पोस्टमनशिवाय कुणाला आठवत नाही.

आणि घंट्या. गावात कुणाचा बैल मेला की त्याची घंटी या लाकडी बैलाच्या गळ्यात बांधायची, ही रीत बाबांनी घातली. अट एकच होती. बैल घरी मेला पाहिजे. दावणीला, मालकाच्या डोळ्यांसमोर. म्हातारा झाला म्हणून विकला, त्याची घंटी बाबा बांधू देत नसत. हणमंतराव गिरदावर तेव्हा महसूल खात्यात नोकरीत होते, त्यांनी सरकारी सवयीनं रजिस्टरच घातलं. बैलाचं नाव, रंग, मालक, 'घरी मेला', आणि खाली मालकाचं दस्तखत. वारा सुटला की घंट्यांचा आवाज पार कापसाच्या जिनिंगपर्यंत जायचा.

आता रस्ता रुंद होतो आहे. वरून पूल जाणार, खाली थांबा राहणार नाही. क्रेनवाल्यानं बैलाच्या पोटाखालून पट्टे घातले आणि उचलला, तर पाठ नि शिंगं वर गेली आणि पोट खालीच राहिलं. आत सगळी वाळवी. वरवर रंग तेवढा धड होता. एक गाडीवाला थांबला, तुटलेल्या बैलासोबत फोटो काढला आणि चहा न पिताच गेला. डोकं मी मागून घेतलं आहे, दुकानामागे ठेवलं आहे. कोंबड्या त्यावर बसतात.

घंट्या आदल्या दिवशीच, मंगळवारी काढल्या. दोनशे अकरा निघाल्या. हणमंतरावांनी खुर्ची टाकून रजिस्टर वाचलं, ज्याची त्याला परत दिली. निम्म्या घरांतून घ्यायलाच कोणी उरलं नाही. आपल्या कवड्या बैलाची मी घेतली.

मागच्या रविवारी तू फोनवर म्हणालास, पोळ्याला येतो, सोबत गवंडी आणतो, निंबाखाली कवड्याला पुरलं त्या जागेवर पक्का ओटा बांधतो आणि त्याची घंटी त्यात बसवतो. 'पाया मी सोताच्या हातानं खोदतो ताई,' असं म्हणालास. मी 'बरं' म्हटलं. आठ दिवस झाले, त्या 'बरं'साठीच हे पत्र लिहायला बसले आहे.

बसमधून माणसं उतरली आहेत, चहा टाकावा लागेल. उरलेलं उद्या.

सोमवार, सकाळ

वैभव, निंबाखाली खोदू नकोस. तिथे कापसाच्या पऱ्हाट्या आणि माती आहे. कवड्या नाही.

काल ही ओळ लिहायची होती. चितारी काय आणि अकरा भाकऱ्या काय, सगळं लिहून झालं, पण ही ओळ होईना. आता झाली, तर उरलेलं लिहिते. शीतलला आत्ताच वाचायला देऊ नकोस. तू आधी वाच.

कवड्या मेला नाही. मी विकला.

ते कोरोनाचं दुसरं वर्ष आठव. बाबांचं अर्धं अंग गेलं होतं, वाचा गेली होती, उजव्या हाताची बोटं आणि मान तेवढी हलायची. कवड्याच्या जोडीचा सोन्या आधीच गेला होता. तो खरंच घरी मेला, त्याची घंटी खरी. कवड्या एकटा उरला, म्हातारा, डाव्या पायानं लंगडा. रात्री बसला की सकाळी आपणहून उठता येत नव्हतं. चार माणसं लागायची, पोटाखाली पोतं घालून उचलायला. पहिला आठवडा माणसं आली. नंतर घरोघर पेशंट झाले, कोण कुणाच्या दारात जातं? सासरहून परत आले तेव्हापासून मी या घरात एकटीनं खूप ओढलं आहे, त्याबद्दल तुला कधी बोलले नाही. पण सकाळी बाबांना आणि मग बैलाला उचलायचं, हे माझ्यानं होईना.

तू रोज फोन करायचास. आठवतं का, काय म्हणायचास? 'ताई, फोन कवड्याच्या कानाले लाव.' मी लावायची. तू त्याच्याशी बोलायचास आणि तो कान हलवायचा. दहावी नापास झालास तेव्हा बाबांनी हे गोऱ्हं तुझ्या हाती दिलं होतं, त्याच्यावर तुझा जीव होता, मला कळतं. पण त्या दिवशी सकाळी बाबा खाटेवरून खाली पडलेले मिळाले. त्यांना ओढून वर घेतलं, पुसलं, धोतर बदललं. गोठ्यात गेले तर कवड्या आडवा. भिंतीवरून हाका मारल्या, एक दार उघडलं नाही. तेवढ्यात तुझा फोन. 'ताई, कवड्याच्या कानाले लाव.' मी लावला. तू पाच मिनिटं त्याला राजा राजा म्हणालास. मी फोन माझ्या कानाला लावला तेव्हा तू कट केला होतास. बाबांचं विचारलं नाहीस. माझंही नाही.

मला राग आला, वैभव. कवड्याचा नाही, तुझा. दुपारपर्यंत मी जनावरांच्या दलालाला निरोप धाडला होता. थकून विकला असं मी चार वर्षं स्वतःला सांगत आले. थकले होतेच. पण विकला तो रागानं.

दलाल दुसऱ्या दिवशी आला. त्याच्या गड्यांनी कवड्याला उभं केलं. त्या माणसानं त्याचं तोंड उघडून दात पाहिले नाहीत. खांदा पाहिला नाही, चालवून पाहिलं नाही. मागच्या पुठ्ठ्यावर हात दाबून मांस पाहिलं, एवढंच. नांगराला बैल घेणारा आधी दात बघतो हे आपल्याला कोणी शिकवावं लागत नाही. तो बैल कशाला नेतो आहे ते मला तिथेच कळलं. तरी मी 'नाही' म्हटलं नाही.

दावं मी रीतीप्रमाणे ठेवून घेतलं. घंटी मात्र काढली नाही. पोळ्याला सजवताना घंटीला हात लावला की तो मान पुढे करायचा, तुला ठाऊक आहे. तेव्हाही त्यानं ती पुढे केली असती. म्हणून मी हात लावला नाही.

टेम्पोत चढवायला उंची हवी होती, म्हणून टेम्पो लाकडी बैलाच्या ओट्याला लावला. एक ट्रकवाला चहा पीत उभा होता. 'क्या जोडी है!' म्हणून त्यानं दोघांचा फोटो काढला. कुणाच्या तरी फोनमध्ये तो अजून असेल.

मी घरात आले तर बाबांचं बोट हलत होतं. घंटी जसजशी लांब गेली तसतसं ते बोट खिडकीकडे वळत गेलं. मी म्हटलं, 'बाबा, काही नाही, चरायले सोडला.' त्यांनी तोंड भिंतीकडे केलं. आषाढात गेले तोपर्यंत माझ्या हातचा चहा त्यांनी घेतला नाही. ओठ मिटून घ्यायचे. तुला मी सांगितलं होतं, बाबांचं खाणं कमी झालं. ते असं कमी झालं होतं.

अजून एक आहे, आणि हेच मला जास्त छळतं. नदीपलीकडचे बाजार तेव्हा बंद होते. दलालानं गोळा केलेली जनावरं दोन दिवस जिनिंगच्या मागे बांधून ठेवली. आपल्या घरापासून किती लांब आहे जिनिंग? ओरडलं तर ऐकू येतं. मला ऐकू येत होतं. पंधरा-वीस जनावरं होती, पण कवड्याचं हंबरणं मला वेगळं कळत होतं, आणि मधूनच घंटी. दोन दिवस, वैभव. चपला घालून गेले असते तर परत आणता आला असता. मी दाराला कडी लावून बसले. तिसऱ्या दिवशी सकाळी आवाज थांबला.

मग मी गावात सांगितलं, कवड्या गेला. मातीला कोणी आलं नाही, तेव्हा माणसाच्या मातीलाही कोणी जात नव्हतं. निंबाखाली खड्डा केला, पऱ्हाट्या टाकल्या, बुजवला. हणमंतराव तोंडाला फडकं बांधून लांब उभे राहिले आणि त्यांनी विचारलं, 'घरीच मेला ना, सुवर्णा?' मी हो म्हटलं. बाबांच्या खाटेसमोर उभी राहून म्हटलं आणि दस्तखत केलं. बाबांनी डोळे मिटले. त्यांना बोलता आलं असतं तर मी त्याच दिवशी उघडी पडले असते.

घंटी आदिलाबादहून नवी मागवली. नवी दिसू नये म्हणून आठ दिवस शेणात पुरून ठेवली. तू पुढच्या पोळ्याला आलास, ओट्यावर चढलास, ती हलवलीस आणि म्हणालास, 'ताई, आवाज बदलला व.' मी म्हटलं, पावसानं. तू मान हलवलीस आणि ईशानचा हात धरून त्याच्याकडूनही वाजवून घेतलीस. मी तेव्हा चहाच्या भांड्यात बघत होते.

आता चंपतकाकांचं. जिनिंगवर राखण करायचे ते. तीन वर्षांपूर्वी त्यांनी आपली जोडी विकली. पायानं अधू झाले होते, पोरगं विचारीत नव्हतं. पोळ्याच्या दिवशी ते दोन घंट्या घेऊन ओट्यापाशी आले आणि खरं तेच बोलले, 'सुवर्णा, विकले व मी. पन बांधू दे.' सगळं गाव जमलं होतं. बाबांच्या मागे त्या लाकडी बैलाची मालकीण मीच. मी मोठ्यानं म्हटलं, 'विकलेल्याची घंटी आमी नाही बांधत, काका. आमच्या बाबांचा कायदा हाय.' पोरं हसली. काकांनी माझ्याकडे बघितलं, घंट्या खिशात घातल्या आणि गेले. तेव्हापासून ते पोळ्याला घराबाहेर पडत नव्हते.

गेल्या मंगळवारी रजिस्टर वाचून झाल्यावर ते आले. म्हणाले, 'आता बैलच चालला तं कायदा कुठचा? येक डाव बांधू दे, मंग काढून घेतो.' मी त्यांच्या हातातून घंट्या घेतल्या, शिडीवर चढले आणि मीच बांधल्या. मोकळ्या गळ्यात दोनच घंट्या होत्या. त्या वाजवल्या. काका तोंडावर टॉवेल धरून उभे राहिले. मला सगळ्यांसमोर बोलायचं होतं, शिडीवरूनच. तोंड उघडलं आणि 'धरा शिडी' एवढंच निघालं.

माणसं पांगल्यावर काकांना दुकानात बसवलं, चहा दिला आणि म्हटलं, 'काका, कवड्या बी विकलाच होता.'

ते म्हणाले, 'मालूम हाय मले.'

'कवापासून?'

'माह्याच राखणीत होता ना दोन दिस. मले पाहून उभा राह्यला तो, लंगड्या पायानं. पानी पाजलं मी त्याले. दुसऱ्या दिसी सांजच्याले तुह्या घराकडं तोंड करून बसला, मंग उठलाच नाही. तसाच वढून चढवला.'

मी विचारलं, 'मंग त्या पोळ्याले काऊन नाही बोलले? मी तुमाले येवढं बोलली.'

'काय बोलू? तुह्या बापाची इज्जत होती. अन् तू येकटी.' मग त्यांनी अंगातल्या बंडीच्या खिशातून तिसरी घंटी काढली. दलाल सगळ्यांच्या घंट्या काढून पोत्यात टाकत होता, त्यातून त्यांनी ही मागून घेतली होती. चार वर्षं तांदळाच्या डब्यात ठेवली. म्हणाले, 'आता माह्यापाशी ठेवून काय करू? ज्याची त्याले देऊन टाक.'

चहा न संपवताच गेले. मी खूप रडले, वैभव. चार वर्षांत रडले नव्हते, कारण रडण्याचा हक्क माझा नाही असं वाटायचं. अजूनही वाटतं.

पुडक्यात ती घंटी आहे. खरी. शेणात पुरलेली माझ्याकडेच आहे, तिचं काय करायचं ते मी बघेन. बसमध्ये वाजत जाऊ नये म्हणून आत आपल्या वावरातला कापूस कोंबला आहे. तो काढून एकदा हलव. आवाज तुला ओळखू येईल, माझ्या सांगण्याची गरज पडणार नाही.

राखी बांधायची की नाही, ते तू ठरव. माझ्या मनात काही येणार नाही, असं लिहीत नाही. येईल. पण तो माझा भोग आहे. रविवारी फोन आला नाही तर मी समजून जाईन. पोळ्याला तू आलास किंवा न आलास तरी गावचे बैल जमतात त्या तोरणापाशी जाऊन मी गावाला सांगणार आहे, चंपतकाकांना शेजारी उभं करून. गावाच्या आधी तुला कळावं म्हणून हे पत्र.

हणमंतरावांना काल म्हटलं, रजिस्टरात एक दुरुस्ती करायची आहे. ते म्हणाले, 'रजिस्टर बंद झालं सुवर्णा. आता दुरुस्ती कशाची अन् दस्तखत कोनाचं?' त्यांना कारण सांगितलं नाही. म्हणून ती दुरुस्ती इथे करते.

कवड्या. पांढरा, अंगावर तांबडे ठिपके, डाव्या पायानं लंगडा. मालक वैभव सुधाकरराव.
घरी मेला नाही. विकला.

दस्तखत,
सुवर्णा